पत्ता बदलला म्हणून हात नवा होत नाही

“बाहेरून आलेल्या मुलीचा अनुभव आम्ही धरत नाही. आमच्याकडे तिने पहिल्यापासून सुरुवात करायची.” नाशिकमध्ये कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत पार्लर चालवणाऱ्यांच्या बोलण्यात हे वाक्य इतक्या सहज येतं की त्यावर कुणी अडतही नाही. विचारलं तर कारणं तयार असतात. परराज्यात काय शिकवतात कुणास ठाऊक. गिऱ्हाइकाच्या त्वचेशी खेळ आहे, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? आणि शेवटी हुकमी कारण: मग आपल्या गावच्या मुलींनी जायचं कुठे? याच्या पुढे जाऊन काही जण म्हणतात, राज्याने ब्युटिशियनसाठी परवानाच आणावा आणि परराज्यातून येणारीने इथे नव्याने कोर्स करून, नव्याने परीक्षा देऊनच तो मिळवावा.

या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे, ती म्हणजे त्वचेचा धोका. तिच्याकडे मी येणारच आहे. बाकीचं म्हणणं मला चूक वाटतं, आणि गावच्या मुलींचं कारण तर त्याच मुलींच्या मुळावर येणारं वाटतं.

आधी आजची स्थिती. आपल्याकडे ब्युटिशियनला काम करण्यासाठी कोणताही वैयक्तिक परवाना लागत नाही. पार्लर उघडायचं तर महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंद करायची. कामाला माणसं थोडीच असतील तर नुसती सूचना पुरते. ही नोंद दुकानाची असते. दोरा धरणाऱ्या हाताबद्दल कायदा काही विचारत नाही. त्यामुळे कुणाचा अनुभव किती वर्षांचा मानायचा, हे ठरतं काउंटरमागे बसलेल्या मालकिणीच्या मर्जीवर. बँकेत कर्ज मागताना ते ठरतं समोरच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर. परवाना नसल्याने राज्याच्या सीमेवर भिंत नाही असं वाटतं, पण भिंत आहे. ती लिहिलेली नाही, एवढंच. आणि न लिहिलेल्या नियमाविरुद्ध दाद कुठे मागणार?

या भिंतीवर येऊन आदळतं कोण, ते पाहू. २०११च्या जनगणनेत स्त्रियांच्या स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण लग्न हे नोंदलेलं आहे. पुरुष बहुधा कामासाठी गाव सोडतो. बाई बऱ्याचदा लग्न होऊन येते किंवा नवऱ्याच्या बदलीमागे येते, आणि काम मग नव्या गावात शोधते. नाशिकला हे वेगळं सांगायला नको. देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे, नाशिक रोडला आर्टिलरी सेंटर आहे, ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत देशभरातून माणसं येतात. त्यांच्या घरातल्या बायकांपैकी कुणी जबलपूरला पार्लर चालवलेलं असतं, कुणी लखनौला, कुणी बंगळुरूला. समजा, त्यातली एक आठ वर्षं काम करून देवळाली कॅम्पात आली. तिला आयब्रो, वॅक्स, क्लीन-अप, हेअर कलर, ब्रायडल सगळं येतं. नाशिकच्या पार्लरमध्ये तिला सांगितलं जातं: सहा महिने हेल्पर, फ्रेशरचा पगार, मग बघू. तीन वर्षांनी नवऱ्याची बदली झाली की पुढच्या गावात पुन्हा तेच. पंधरा वर्षं काम करून ती कायम पहिल्या वर्षात. नवऱ्याची सेवाज्येष्ठता मात्र बदलीच्या हुकमाबरोबर गावोगाव जाते.

“त्यांच्या गावचं काम वेगळं, आपलं वेगळं” असं यावर सांगतात. काय वेगळं आहे, हे एकदा मांडून बघावं. भुवईचा केस जबलपूरला ज्या दिशेने वाढतो त्याच दिशेने नाशिकला वाढतो. वॅक्स किती तापलं म्हणजे पोळतं, याचा राज्याशी संबंध नाही. हेअर डायमधल्या पॅराफेनिलीनडायअमाइनची अॅलर्जी नर्मदा ओलांडल्याने बदलत नाही. खरा फरक नटवण्यात आहे. नऊवारीवर खोपा कसा बसवायचा, मुंडावळ्या बांधल्यावर कपाळाचा मेकअप कसा टिकवायचा, आपल्या नवरीला किती भडक चालतं, हे बाहेरून आलेलीला शिकावं लागतं. शिकू द्या. पण ज्या हाताने शेकडो वेण्या घातल्या त्याला खोपा यायला एक लग्नसराई पुरते. तेवढ्यासाठी आठ वर्षं पुसून टाकायची काय गरज?

हा वाद आपल्या राज्यातून देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन निकाली निघालेला आहे, हे मात्र या चर्चांमध्ये कुणी सांगत नाही. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतल्या मेकअप आणि केशरचना करणाऱ्यांच्या संघटनेने अनेक दशकं दोन नियम पाळले. मेकअप आर्टिस्टचं कार्ड फक्त पुरुषाला. बाईने केशरचनाच करायची. आणि सभासद व्हायचं तर महाराष्ट्रात पाच वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा हवा. कार्ड नसेल तर सेटवर काम नाही, केलं तर दंड. चारू खुराना यांनी कॅलिफोर्नियात मेकअपचं रीतसर शिक्षण घेतलं होतं, कामाचा अनुभव होता, तरी त्यांचा अर्ज फेटाळला गेला. त्या आणि त्यांच्यासारख्या आणखी काही जणी न्यायालयात गेल्या. १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्या. दीपक मिश्रा आणि न्या. उदय लळित यांच्या खंडपीठाने दोन्ही अटी रद्द केल्या.

या निकालाची आठवण निघते ती बहुतेक वेळा पहिल्या अटीसाठी, बायकांना मेकअप करू दिला म्हणून. ते योग्यच आहे. पण दुसरी अटही त्याच दिवशी त्याच निकालाने गेली, आणि आपल्या विषयाला ती जास्त लागू आहे. कामाची पात्रता आणि राज्यातल्या वास्तव्याची वर्षं यांचा एकमेकांशी संबंध नाही. आवडीचा व्यवसाय करण्याचा हक्क संविधानाच्या १९व्या अनुच्छेदात आहे आणि श्रमिक संघटनेला आपल्या नियमावलीतून तो हिरावता येत नाही. संघटनेची भूमिका काय होती? आमच्या माणसांचं काम जाईल. आज नाशिकच्या पार्लरमध्ये जे ऐकू येतं तेच, शब्द थोडे वेगळे. खाजगी पार्लरची मालकीण ही काही नोंदणीकृत संघटना नव्हे, तिला तो निकाल जसाच्या तसा बांधत नाही, हे मला मान्य आहे. पण उद्या परवाना आणायचा आणि त्यात राज्यातल्या वास्तव्याची किंवा राज्यातच शिकल्याची अट घालायची, अशी मागणी करणाऱ्यांनी तो निकाल आधी वाचावा. पाच वर्षांची अट बाईला किती लागते पाहा: तीन-तीन वर्षांनी बदली होणाऱ्या घरातली बाई ती कधीच पूर्ण करू शकणार नाही.

केस आणि चेहऱ्याशी काम करणाऱ्यांच्या संघटनेने आपली ताकद वेगळ्या कारणासाठी वापरल्याचं उदाहरणही याच मुंबईत आहे. १८९०मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी एकत्र येऊन विधवांचं केशवपन करणार नाही असा निर्धार केला. पदरच्या कमाईवर पाणी सोडून घेतलेला निर्णय होता तो. संघटना कुणाला अडवण्यासाठी उभी राहते यावरून तिची उंची मोजायची असेल, तर आपल्यासमोर दोन्ही नमुने आहेत.

आता वकिलांकडे बघा. इंदूरला दहा वर्षं वकिली केलेला माणूस नाशिकला आला तर १९६१च्या अधिवक्ता कायद्याचं १८वं कलम त्याला नाव मध्य प्रदेशच्या पटावरून महाराष्ट्राच्या पटावर हलवू देतं. त्यासाठी फी नाही आणि ज्येष्ठता तीच राहते. दोन राज्यांचे जमीन महसुलाचे कायदे वेगळे, न्यायालयाची भाषा वेगळी, तरी त्याची दहा वर्षं दहाच मानली जातात. ज्याचं काम राज्यागणिक खरोखर बदलतं त्याचा अनुभव आपण धरतो. जिचं काम बदलत नाही तिचा धरत नाही. याचं एकच कारण मला दिसतं. पार्लरच्या कामाला आपण मनातून कसब मानलेलंच नाही. घरबसल्या बायका करतात ते काम, त्यात अनुभव कसला, ही समजूत खोल बसलेली आहे. आणि दुःख याचं की पार्लर चालवणाऱ्या बायकाच ती दुसऱ्या बाईवर चालवतात.

धोक्याचं म्हणणं मात्र गंभीर आहे आणि त्याला गंभीर उत्तर द्यायला हवं. पॅच टेस्ट न करता लावलेल्या डायने चेहरा सुजतो. एकाच ब्लेडने दोघींचं काम केलं तर कावीळ ब आणि एचआयव्हीचा संसर्ग होऊ शकतो. मुरुमांवर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणाऱ्या मुलीला वॅक्स केलं तर केसाबरोबर कातडीही निघते. हे सगळं खरं आहे. पण यातलं काहीही ‘बाहेरून आलेली’ आणि ‘इथली’ या फरकाने टळत नाही. इथे शिकलेली मुलगीही एकाच वॅक्समध्ये सुरी दोनदा बुडवते. धोका टाळायचा असेल तर प्रत्येकीची परीक्षा घ्या, इथलीची आणि तिथलीचीही. फक्त बाहेरचीला कोर्स लावणं याला सुरक्षितता म्हणत नाहीत.

आणि कोर्स लावल्याने सुरक्षितता येते का, यावर अमेरिकेत एक मोठा खटला झाला आहे. टेक्सासमध्ये दोऱ्याने भुवया कोरायच्या तर ७५० तासांचं प्रशिक्षण घेऊन परवाना काढा, असा नियम होता. दोऱ्याचं काम करणारे बहुतेक आपल्या उपखंडातले. हे काम त्यांच्या हाताला लहानपणापासून माहीत. ते न्यायालयात गेले. त्या ७५० तासांपैकी ३२० तासांचा भुवया कोरण्याशी संबंध नाही, हे परवाना देणाऱ्या खात्यालाच मान्य करावं लागलं. जून २०१५मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. आपल्याकडे परवान्याची मागणी करणाऱ्यांना अमेरिकेचं उदाहरण द्यायला आवडतं. ते पूर्ण द्यावं. तिथे प्रत्येक राज्याचे तास वेगळे आहेत: न्यूयॉर्कमध्ये कॉस्मेटॉलॉजीसाठी १,०००, न्यू जर्सीत १,२००, ओहायोत १,५००. राज्य बदललं की जास्तीचे तास भरा, पुन्हा अर्ज करा, पुन्हा थांबा. याचा सर्वांत मोठा जाच सैनिकांच्या पत्नींना झाला, म्हणून तिथल्या संरक्षण खात्याच्या मदतीने राज्या-राज्यांमध्ये करार तयार झाला; करारात सामील झालेल्या एका राज्याचा परवाना दुसऱ्यात चालावा, हा त्याचा हेतू. सात राज्यांनी स्वीकारला की तो अमलात येईल अशी तरतूद होती आणि तेवढी राज्यं पुढे आलीही. आधी भिंती बांधल्या आणि मग पाडायला इतकी वर्षं गेली. आपण त्या बांधण्यापासून सुरुवात करायची? देवळालीतल्या बायकांची अडचण त्या अमेरिकन सैनिकपत्नींचीच आहे.

एक आक्षेप उरतो आणि तो मला सर्वांत कठीण वाटतो. अनुभव म्हणजे चुकीची सवयही असू शकते. दहा वर्षं दोऱ्याचं टोक दातांत धरून आयब्रो करणारी बाई दहा वर्षं अस्वच्छच काम करत होती. मान्य. पण या आक्षेपाचं उत्तर तिला पुन्हा पहिलीत बसवणं हे नाही. दोरा दातांऐवजी मानेला अडकवून काम करायला तिला एका दिवसात शिकवता येतं, कारण बाकीचं सगळं तिच्या बोटांत बसलेलं आहे. नवख्या मुलीला तेच बसवायला महिने लागतात. अनुभव मोजायचा तो वर्षांच्या आकड्यावरून नव्हे, हाताच्या परीक्षेवरून; आणि एकदा ती परीक्षा झाली की निकाल देशभर चालला पाहिजे. माझं सारं म्हणणं एवढंच आहे.

यासाठी लागणारी व्यवस्था कागदावर तयार आहे, हे अनेकांच्या गावी नाही. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीच्या कौशल्याची पारख करून प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा २०१३मध्ये आला. त्यात सहायक ब्युटी थेरपिस्ट तिसऱ्या पातळीवर आणि ब्युटी थेरपिस्ट चौथ्या पातळीवर बसवली गेली. या पातळ्या राज्याच्या नाहीत, देशाच्या आहेत. २०२३च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने तर अनुभवाला थेट वजन दिलं: मूल्यमापनात उतरलेल्या माणसाला चार ते सात वर्षांच्या अनुभवासाठी १.६७ पट आणि सात वर्षांवरच्या अनुभवासाठी दुप्पट श्रेयांक. त्यात अनुभव कुठल्या राज्यातला, हा प्रश्नच नाही. केंद्राने आठ वर्षं दुप्पट धरायची आणि आपल्या पार्लरने शून्य!

तरीही पार्लरवाल्यांचा या प्रमाणपत्रावर विश्वास नाही, आणि त्यांना मी दोष देणार नाही. बारा तासांचा उजळणी वर्ग घेऊन, घाऊक संख्येने वाटलेल्या कागदावर कोण आपली गिऱ्हाइकं सोपवेल? परीक्षा जिवंत माणसावर व्हायला हवी. एक आयब्रो, एक हात-वॅक्स, एक पॅच टेस्ट, अवजारांचं निर्जंतुकीकरण डोळ्यांसमोर, आणि गिऱ्हाईक बसल्यावर आधी कोणते प्रश्न विचारायचे याची तोंडी तपासणी. परीक्षक म्हणून बाहेरचं कुणी नको, नाशिकच्याच दोन जुन्या, नावाजलेल्या पार्लरवाल्या बसवाव्यात. मग “तिथे काय शिकवतात कुणास ठाऊक” हे कारण उरत नाही. काय येतं ते त्यांनीच पाहिलेलं असेल.

पुराव्याचीही अडचण आहे. बहुतेक पार्लरमध्ये पगार रोखीने मिळतो, नियुक्तीपत्र नसतं. मुलगी सोडून जाऊ नये म्हणून मालकीण अनुभवाचं पत्र देत नाही. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितांमध्ये नियुक्तीपत्र बंधनकारक आहे, पण त्या विषयाची संहिता दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागते. दोन खुर्च्यांचं गल्लीतलं पार्लर त्यात येत नाही. म्हणून नाशिकच्या पार्लरचालकांनी हे स्वतःहून करावं: सोडून जाणाऱ्या प्रत्येकीला कामाचा काळ आणि ती करत असलेली कामं लिहिलेलं एक पत्र. आपल्याकडे येणारीकडून पत्र मागायचं आणि आपल्याकडून जाणारीला द्यायचं नाही, हे न्यायाला धरून नाही.

आता गावच्या मुली. हा मुद्दा मी शेवटी ठेवला, कारण भावना इथेच गुंतलेली आहे आणि हिशेब मात्र उलटा आहे. आठ वर्षं काम केलेल्या बाईला फ्रेशरच्या पगारात ठेवता आलं, तर मालकीण खऱ्या फ्रेशरला का घेईल? सिन्नर, दिंडोरी किंवा सुरगाण्याहून कोर्स करून आलेल्या मुलीची जागा कुणी घेतली? परराज्यातल्या बाईने घेतली असं दिसतं, पण ती गेली स्वस्तात मिळालेल्या अनुभवामुळे. अनुभवाला अनुभवाचा पगार द्यावा लागला तर नवखीची जागा नवखीला मिळेल. शिवाय नाशिकच्या मुली काय नाशिकमध्येच राहतात? त्या लग्न होऊन सुरतेला जातात, वापीला जातात, बंगळुरू-हैदराबादला जातात. आज आपण देवळालीतल्या बाईला जे सांगतो ते उद्या आपल्या मुलीला सुरतेत ऐकावं लागतं. नोकऱ्यांत स्थानिकांना ७५ टक्के आरक्षण देणारा हरियाणाचा कायदा नोव्हेंबर २०२३मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने रद्द केला, तोही हेच सांगतो: अशा भिंती कायद्यात टिकत नाहीत.

सरकारचंही एक देणं आहे. सप्टेंबर २०२३मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत आणि त्यात नाभिक आहेत. हाताने काम करणाऱ्याची स्थानिक पातळीवर पडताळणी, काही दिवसांचं प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये, पाच टक्क्यांनी आधी एक लाख आणि मग दोन लाख कर्ज. पदवी कुणी मागत नाही. हाताला काम येतं, हेच पुरे. नाभिकांना हे मिळालं ते अगदी रास्त आहे. पण शेजारच्या गाळ्यात दोरा धरून बसलेली ब्युटिशियन त्या यादीत नाही. केस कापणाऱ्या पुरुषाचं कसब सरकारला परंपरेने दिसतं, भुवया कोरणाऱ्या बाईचं दिसत नाही. तिला त्या यादीत घ्या, ही मागणी परवान्यापेक्षा कितीतरी निकडीची आहे, आणि पार्लरवाल्यांच्या संघटनांनी ती करावी.

याच नाशिकमध्ये, गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धनला, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९पासून उभं आहे. बारावी न झालेल्या अनेकांना पूर्वतयारी परीक्षेतून पदवीच्या दारात याच विद्यापीठाने आणलं. शाळेचा दाखला नसला तरी शिकलेलं वाया जात नाही, हे त्याने या शहराला दाखवलं. त्याच धर्तीवर पार्लरच्या कामाची प्रत्यक्ष परीक्षा घेणारं एक कायमचं केंद्र नाशिकला चालवायचं तर जागा, परीक्षकांची यादी आणि दर महिन्याची एक तारीख एवढंच लागतं. शासकीय आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीच्या खुर्च्या, आरसे आणि निर्जंतुकीकरणाची यंत्रं आहेत. ती सुटीच्या दिवशी रिकामी असतात. जिल्हा कौशल्य विकास कार्यालयाने त्या दिवशी ती उघडावीत, नाशिकच्या पार्लरचालकांनी परीक्षक द्यावेत, आणि तिथे उतरलेल्या प्रत्येकीला, ती सुरगाण्याची असो की जबलपूरची, तिच्या वर्षांचा पगार द्यायचं त्यांनी आधीच लेखी कबूल करावं.